वरच्या ओळीतला नळ

मायला आणायला निघाले तेव्हा हातात एक मोठी रिकामी पिशवी होती आणि डोक्यात भांडणाची पूर्ण तयारी. यवतमाळपासून पांढरकवड्यापर्यंत मी बसमध्ये मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते आणि दर वेळी जिंकत होते. समोरासमोर मी तिच्याशी भांडून कधी जिंकलेली नाही. बसमध्ये मात्र तेवढं सुख घेता येतं.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावर. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाचा चढ आहे आणि त्या चढावर आमची बौद्ध वस्ती. घरांच्या तीन ओळी. खालच्या ओळीजवळ विहार, मधली ओळ बऱ्यापैकी सपाटीवर, आणि वरच्या ओळीत अगदी टोकाला मायचं घर. बाबांनी ही जागा का निवडली हे त्यांनाच ठाऊक. वारा छान येतो, कापसाची शेतं नाल्यापर्यंत दिसतात, माणूस ओट्यावर बसला की उठावंसं वाटत नाही. फक्त पाणी वर येत नसे. पाण्यासाठी उतरायचं आणि भरलेली गुंडी, म्हणजे पितळी कळशी, घेऊन चढायचं.

खाली होती हापशी. तिचं पाणी खारं. साबणाला फेस नाही, चहाला चव नाही, आणि तुरीची डाळ तर शिजायचं नावच घेत नसे. माझी माय वस्तीतल्या लग्नकार्यांत वरण करायची. वस्तीच्या वर्गणीतून घेतलेले मोठे गंज, म्हणजे शंभर माणसांचं वरण मावेल अशी उंच पातेली, म्हणून तिच्याच घरी ठेवलेले असत. लग्न दुपारचं असलं तर ती पहाटेच डाळ चढवी, त्यात सोडा टाकी, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारेच्या भारे जाळी आणि डाळीला शिव्या देई. एवढ्या शिव्या खाऊन डाळ शेवटी नरम पडे. लोक बोटं चाटून खात.

उन्हाळ्यात हापशी आटली की टँकर येई. टँकरचा भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून पळायचं, हाती लागेल ते भांडं घ्यायचं आणि मिळेल तेवढं भरून घ्यायचं, कारण तो पुन्हा केव्हा येईल हे टँकरवाल्यालाही माहीत नसे. तो म्हणायचा, उद्या येतो. त्याच्या उद्यावर आमची वस्ती अनेक उन्हाळे जगली. मीसुद्धा त्यातलीच आहे. आजही कुठे मोठा भोंगा वाजला की माझा हात आधी बादलीकडे जातो.

मागच्या पावसाळ्यात माय चढावर गुंडीसकट पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. तेव्हापासून मधल्या ओळीतली एक वहिनी, नात्याने आमची कुणी नाही, रोज सकाळी तिला दोन गुंड्या पाणी वर आणून देत होती. मी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला, नवरा तिथल्या एमआयडीसीत कामाला, दोन खोल्यांचं घर. मी मायला म्हटलं, आता बास झालं, माझ्याकडे चल.

"तुह्या लोहाऱ्याले नळ कवा येते?" तिनं विचारलं.

खरं सांगायची पंचाईत होती. आमच्याकडे नळ येतो, पण कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. घरात पाहुण्यापेक्षा ड्रमला जास्त जागा आहे. मी म्हटलं, "येतो अधूनमधून."

"मंग तूच इकडं ये ना," ती म्हणाली. "इथंयी नळ येऊन राह्यला."

नळ खरंच लागले होते. प्रत्येक घरासमोर सिमेंटचा छोटा खांब आणि त्याला नळाची तोटी. पण लागून इतके महिने झाले होते की बकऱ्या त्या खांबांना अंग घासत आणि लोक त्यावर ओले टॉवेल वाळत घालत. नुसती मायच तिचा खांब रोज पुसायची. रोज सकाळी तोटी उघडायची, कोरड्या तोंडाकडे बघायची आणि पुन्हा बंद करायची. मी चिडवलं तर म्हणायची, "हाताले सवय पायजे."

शेवटी नळयोजनेच्या उद्घाटनाची तारीख ठरली आणि आमच्यात करार झाला. ती म्हणाली, "उद्घाटनाच्या दिवशी माह्या नळाले पानी आलं त मी इथंच राह्यतो. नाई आलं त त्याच दिवशी तुह्या मांगं येतो. एक शबूद बोलनार नाई."

मी ताबडतोब हो म्हटलं. सगळ्यात वरच्या ओळीतल्या टोकाच्या घरी पहिल्या दिवशी पाणी चढेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी वस्ती लग्नघरासारखी सजली होती. नवी तूर घरात आलेली, कापूस विकून झालेला, थंडी सरत आलेली आणि नाल्याकडचे पळस फुललेले. दुपारी विहारासमोर सगळ्या वस्तीचं जेवण ठरलं होतं, आणि वरण अर्थातच माय करणार होती, नळाच्या पहिल्या पाण्यात. सरपंचबाईंनी विहारापुढच्या नळाची फीत कापली आणि तोटी फिरवली. आधी थोडी हवा, मग गढूळ धार आणि मग स्वच्छ, जाड, चकाकणारं पाणी. टाळ्या वाजवायच्या होत्या, पण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खालच्या ओळीतले एक म्हातारे पुढे झाले. त्यांनी ओंजळ धरली, वास घेतला, प्याले.

"गोड हाय," ते म्हणाले.

आणि माणसं पळाली. अगदी टँकर आल्यावर पळायची तशीच. स्वतःच्या दारातल्या नळाकडे, तो आपल्या नावावर आहे, कुठे जाणार नाही, तरी धापा टाकत. पहिल्यांदा गुंड्या भरल्या, हंडे, कोठ्या, ड्रम भरले. तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्टच नव्हती. पण पाणी थांबेना, आणि येणारं पाणी सोडून द्यायचं कसं हे आमच्यात कुणी शिकलेलंच नाही. म्हणून पराती भरल्या, कढया भरल्या. एकीनं गव्हाचा डबा चादरीवर ओतून डबा भरला. एकीनं कुकर भरला आणि झाकण लावून वर शिटीही बसवली, पाणी उडून जाऊ नये म्हणून. लग्नात आलेला आणि आजवर कपाटातून न निघालेला कपबशीचा सेट एका घरी ओट्यावर ओळीनं मांडला होता आणि प्रत्येक कप काठोकाठ भरलेला होता. रिकाम्या बाटल्या, लोटे, वाट्या, बैलांची डोण, काही सुटलं नाही. मी हसत हसत चढ चढले.

वर आले तर माय ओट्यावर बसलेली. समोर घासून लख्ख केलेली तिची पितळी गुंडी. नळ उघडा. त्यातून सुं सुं असा बारीक आवाज येत होता आणि त्याशिवाय काहीच येत नव्हतं.

मी करार जिंकले होते. पण आनंद व्हायचा तसा होईना.

काम बघायला आलेला फिटर चढून वर आला. त्यानं तोटीला कान लावला आणि म्हणाला, "पाईपात काही दोष नाही, मावशी. खालचे सगळे नळ एकदम उघडे हायेत, मंग प्रेशर वर कसं येईन? थे बंद झाले की येईनच." एवढं सांगून तो खाली जेवणाच्या मांडवाकडे गेला.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी उतरले आणि घरोघरी सांगत सुटले, नळ बंद करा, वर पाणी चढत नाही. लोक मान डोलवायचे, हो ताई म्हणायचे आणि पुढचं भांडं लावायचे. माझा पारा चढला. लोहाऱ्याला मी शिकवणी घेते, तिथल्या पोरांवर ओरडते तशी मी मोठ्या माणसांवर ओरडले. कुणी रागावलं नाही, कुणी नळही बंद केला नाही. शेवटी मी त्या वहिनीच्या दारात उभी राहिले, जी मायला रोज पाणी आणून देत होती. तिच्या ओट्यावर भरलेल्या बाटल्यांची रांग लागली होती आणि ती नळाखाली चाळणी धरून विचार करत होती. चाळणीत पाणी राहत नाही हे तिच्याही लक्षात येत होतं, पण घरात आता तेवढंच उरलं होतं.

"वहिनी, तुम्ही तरी बंद करा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, बंद केला आन् मंग आलंच नाई त?"

"येईल ना. आता रोज येणार आहे."

"टँकरवालायी असाच म्हने," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं. "तुमी कायले काळजी करता? आजीले लागन तेवढं पानी मी नेऊन देतो ना वर. रोज नेतो तसंच."

ज्या बाईनं माझ्या आईला इतके महिने पाणी पाजलं तिच्यावर ओरडायला माझी जीभ वळली नाही. मी परत वर गेले.

माय पिशवी भरत होती. तिची लुगडी, चादर, औषधाचा डबा. ती खरोखर एक शब्दही बोलत नव्हती. तिनं भांडावं असं मला फार वाटलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं भिंतीवरून वरणाचा मोठा डाव काढला, हाताच्या लांबीचा, आणि पिशवीत उभा घातला. थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसली. मग तो बाहेर काढून पुन्हा भिंतीला लावला. लोहाऱ्याला चार माणसांच्या वरणाला एवढा डाव कशाला लागतो. मी तोंड फिरवून आत चुलीकडे गेले.

तेवढ्यात खालून पाचसहा बाया चढून आल्या. पुढे ती वहिनी.

"आजी, गंज द्या," ती म्हणाली. "वरन मांडाचं हाय. चुली खाली विहारापुढं पेटवल्या. तुमीयी चाला."

वस्तीत त्या घडीला एकही भांडं रिकामं नव्हतं. ज्यात स्वयंपाक करायचा ती सगळी पाण्यानं भरलेली, आणि पाणी ओतून द्यायची कुणाची छाती नव्हती. रिकामे होते ते फक्त मायच्या घरातले वस्तीचे गंज. तिचा नळ कोरडा होता, म्हणूनच ते रिकामे राहिले होते.

मायनं पिशवी बाजूला सारली. सगळ्यात मोठा गंज दाराशी ओढला, उपडा घातला आणि गुडघा धरून त्याच्यावर बसली.

"गंज खाली येनार नाई," ती म्हणाली. "पानी वर येईन. वरन इथंच शिजन."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "आजी, पानी आमी आनून देतो ना," एक म्हणाली.

"गुंडीतलं नको. माह्या नळाचं पायजे."

मी आतून म्हटलं, "माय, तू एक शब्द बोलणार नव्हतीस."

"तुह्याशी कुठं बोलून राह्यली?" ती मागे न बघता म्हणाली. "मी याहिच्याशी बोलून राह्यली."

कुणी हसलं नाही. त्यांना उशीर होत होता, विहारापुढे चुली जळत होत्या, खाली माणसं भुकेली होती, आणि वर एक म्हातारी जेवणाच्या गंजावर बसली होती. ती वहिनी बराच वेळ मायकडे आणि त्या सुं सुं करणाऱ्या नळाकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग उतरली.

वरून मधली ओळ स्पष्ट दिसते. ती तिच्या दारात गेली, वाकली आणि तिनं नळ बंद केला. तोटीवरचा हात तिनं काढला नाही. तशीच उभी राहिली. आम्ही सगळ्या वरून बघत होतो. मग तिनं तोटी जराशी फिरवली. पाणी आलं. तिनं बंद केली. पुन्हा उघडली. आलं. पुन्हा बंद केली. असं तिनं किती तरी वेळा केलं, आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावून ती शेजारणीला सांगत होती, "बंद केला तरी परत येते वं. बंद केला तरी येते."

शेजारीण विश्वास ठेवायला तयार नव्हती. तिनं स्वतःचा करून पाहिला. मग पलीकडच्या घरानं. बघता बघता सगळ्या ओळीत तो खेळच सुरू झाला. उघड, बंद, उघड, बंद. खालच्या ओळीतले ते म्हातारे, ज्यांनी पहिली ओंजळ प्याली होती, ते तर खुर्ची आणून नळाशेजारी बसले आणि मिनिटामिनिटाला नळाची परीक्षा घेऊ लागले. अखेर कुणीतरी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनीही तोटी सोडली. वस्तीत एकाएकी शांत झालं. सकाळपासून भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा जो आवाज चालला होता तो थांबला.

मायच्या नळाची सुं सुं मोठी झाली. तो म्हाताऱ्या माणसासारखा खोकला, दोनदा, तीनदा. लाल पाण्याची चूळ टाकली. मग धार आली. बारीक, मग जाड, मग अशी की खालचा मुरूम उडायला लागला.

मला रडू फुटलं. मी करार हरले होते आणि आयुष्यात कधी इतकी खूष झाले नव्हते. माय मात्र गुंडी भरायला धावली नाही. तिनं धारेखाली हात धरला, तळव्यावर पाणी घेतलं, गुडघ्याला लावलं आणि नळ बंद केला. मग उघडला आणि गंज लावला. तो भरला तसा पुन्हा बंद केला. एक थेंब खाली पडला नाही. त्या दिवशी साऱ्या वस्तीत बंद करायची सवय फक्त तिच्या हाताला होती.

खालच्या चुलींची लाकडं वर आली, मांडवाची ताडपत्री वर आली आणि जेवण वरच्या ओळीत हललं. मायनं तिच्या नेहमीच्या हिशेबानं डाळ चढवली. सोडा टाकला, पऱ्हाटी दाबून जाळ केला आणि आता बराच वेळ आहे म्हणून मिरच्या निवडत बसली. थोड्या वेळानं मी झाकण उघडलं तर डाळ दिसेना. पार विरघळून गेली होती. डाव उभा घातला तर उभाच राहिला. वरणाचं पिठलं झालं होतं.

माय गंजात वाकून बघत राहिली. "हे काय झालं वं? तूर खराब हाय काय?"

"तूर चांगली आहे," मी म्हटलं. "पाणी चांगलं आहे."

तिला ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हनजे एवढे वर्सं मी त्या डाळीले उगाच शिव्या देल्ल्या." आणि मग तीही हसायला लागली. तिचं वरण बिघडलेलं वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. भातावर ते वाढताना डावाला झटका द्यावा लागत होता. ताटं अजून पाण्यानं भरलेली होती, म्हणून घरात वाळवून ठेवलेली पळसाची पानं काढून पत्रावळी लावल्या. लोकांनी मागून मागून खाल्लं, आणि मायला नावं ठेवायची ही संधी कुणी सोडली नाही. आजी, हे वरण कापून वाढा, असं ते खुर्चीवाले म्हातारे म्हणाले. माय त्यांना म्हणाली, तुमी आधी नळ बंद हाय का पाहून या. ते खरंच उठून पाहून आले.

भरलेल्या भांड्यांचं पाणी संध्याकाळपर्यंत कमी होत गेलं. पोरांच्या आंघोळी झाल्या, म्हशी धुतल्या गेल्या, विहारापुढच्या पिंपळाला पाणी मिळालं. कपबशीचा सेट तेवढा तसाच होता. त्या घरच्या बाईचं मन होत नव्हतं.

मी शेवटच्या बसला निघाले तेव्हा माझी मोठी पिशवी मायच्या हातात होती. तिनं त्यातून लुगडी काढली, चादर काढली, औषधाचा डबा फळीवर ठेवला.

"तुमचा नळ आता कवा येनार?" तिनं विचारलं.

"गुरुवारी. आला तर."

तिनं वहिनीला हाक मारली. ती सकाळी भरलेल्या बाटल्या पदरात घेऊन चढून आली. ओतून द्यायला जीव होत नव्हता, आता बरं झालं, असं म्हणत तिनं त्या एकेक करून पिशवीत उभ्या केल्या. माय वरून दाबून बघत होती, अजून एखादी मावते का. मी नको नको म्हणत राहिले. नेहमीप्रमाणे काही उपयोग झाला नाही.

पांढरकवड्याला बसमध्ये चढताना पिशवीनं माझा खांदा वाकवला. कंडक्टरनं हात दिला आणि वजन लागताच विचारलं, "ताई, काय भरलं येवढं?"

शहरात मी सहसा गावचं बोलत नाही. त्या वेळी आपोआप तोंडातून निघालं.

"माहेरचं पानी हाय, भाऊ," मी म्हटलं, आणि पिशवी खाली न ठेवता यवतमाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले.